साखरबाई कुठवर आली?

राहू गावच्या धुरपदाला तिच्या नवऱ्यानं सेहेचाळीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नव्हती, आणि तिला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. बायकोला नावानं बोलवायचं ही शहराकडची फॅशन. म्हाळू मेंढरांना नावानं बोलवायचा, कुत्र्याला बोलवायचा, पोरानं नवी मोटारसायकल आणली तर तिचंही नाव 'पारू' ठेवून मोकळा झाला. बायकोला मात्र 'अगं ए'. चहा पाहिजे, 'अगं ए'. पाहुणे आले, 'अगं ए'. एकदा विंचू चावला तेव्हा जरा लांबवून 'अगं एऽऽ', एवढाच काय तो फरक. धुरपदाही त्याचं नाव घेत नसे. रेशनच्या रांगेत धन्याचं नाव विचारलं की ती मागच्या बाईला कोपरानं ढोसायची, आणि मागची बाई सांगायची, "म्हाळू." संसार झकास चालला होता.

म्हाळूचं एकच वेड, ओवी. बापजाद्यांनी मेंढरांमागं चालता चालता जपलेल्या बिरोबाच्या ओव्या त्याच्या डोक्यात अशा भरलेल्या की एक काढली तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत संपायची नाही. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात. जोडीला नदीपलीकडचा, शिरूरच्या हद्दीतला आण्णा. म्हाळूनं कानावर हात ठेवून गायचं आणि मध्येमध्ये आण्णानं तीच कथा साध्या बोलीत, हातवारे करून पुढं न्यायची. चाळीस वर्षं जत्रा-जत्रांत ही जोडी गाजली. एक खोड मात्र होती. ह्यांच्या कुठल्याही ओवीत, मग ते देवाचं लग्न असो की राक्षसाशी लढाई, मध्येच कुणीतरी बाई घागर घेऊन पाण्याला निघायची. तिचा कथेशी काही संबंध नसायचा. लढाई ऐन रंगात आलेली आणि ही आपली डुलत डुलत चाललीय! लोक म्हणायचे, त्या काळी नळ नव्हते, बाई जाणारच.

सात वर्षांपूर्वी ही जोडी फुटली. जत्रेत काहीतरी झालं आणि म्हाळू घरी आला तो तोंड शिवूनच. त्यानंतर ना तो आण्णाचं नाव घेई, ना ओवी गाई. धुरपदानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग यंदाच्या थंडीत, शेळीची धार काढता काढता म्हाळू बसल्या जागी कलंडला. शेळी तशीच उभी राहिली, ही तिची माणुसकी. मुलगा संपत कुरकुंभला केमिकल कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता. सुनेनं, पूनमनं, शेजारची जीप काढायला लावली. आधी दौंड, तिथून पुणे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची नळी तुंबली होती. उजवा हात लुळा पडला, तोंड जरा वाकडं झालं, आणि वाचा गेली.

चौथ्या दिवशी म्हाळूनं डोळे नीट उघडले. तरुण डॉक्टर वाकून म्हणाला, "बाबा, ओळखलं का? ह्या कोण?"

डॉक्टरचं बोट धुरपदाकडं होतं. म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं. डोळे भरून आले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सेहेचाळीस वर्षांत जे झालं नाही ते आता, परक्या माणसांत, नर्सबाईसमोर होतंय की काय म्हणून ती पदर सावरून बसली.

"साखरबाई," म्हाळू म्हणाला. अगदी स्वच्छ.

"वा!" डॉक्टरनं लिहून घेतलं. आठवड्यानं घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर छापून आलं होतं, पत्नीचं नाव: साखरबाई.

घरात साखरबाई कुणी नव्हती. भावकीत नव्हती. म्हाळूच्या तीन बहिणी, दोन मावश्या, मेलेल्या-जित्या सगळ्या मेंढ्या धुरपदानं मनात मोजून पाहिल्या, त्यांतही नव्हती. आणि म्हाळूच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. चहा दिला, "साखरबाई." लघवीला जायचंय, "साखरबाई." शेळी दावं तोडून पळाली, "साखरबाई! साखरबाई!" नातवानं पाय चेपले तर लाडानं, "साखरबाऽई." सूर बरोबर, राग बरोबर, लोभ बरोबर, फक्त शब्द एकच. पूनमनं एका दिवसाची मोजदाद केली. जेवणापर्यंत एकशे चौदा झाले तेव्हा धुरपदा म्हणाली, "बास कर. आणखी किती डागण्या देतीस?"

तिनं त्याला जेवायला घातलं, आंघोळ घातली, हाताला तेल चोळलं. पण तोंड फिरवून. आणि चहात साखर घालायची ती थांबली. साखरेचं नावच काढायचं नाही म्हटल्यावर चहातही नाही.

डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं तसं. बोलणं जुळवणारा मेंदूचा भाग दुखावला की कधी कधी एकच शब्द वर तरंगत राहतो. माणसाला म्हणायचं असतं भलतंच, बाहेर येतो तोच शब्द. त्याचा अर्थ लावू नका.

पण गावाला अर्थ लावू नका म्हणणं म्हणजे मांजराला दूध झाकून ठेव म्हणण्यासारखं. बबनराव पाटलांनी तर विडाच उचलला. बबनराव माजी सरपंच, साखर कारखान्यावर एक मुदत संचालक होते, त्यानंतर निवडणूक हरल्यामुळं त्यांच्याकडं वेळच वेळ. ते मेंदूचा फोटो बघायला आले. काळी फिल्म त्यांनी उन्हाकडं धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"ही बघा," डावीकडच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवून ते म्हणाले. "हितं बसलीय."

"कोन?" संपत म्हणाला.

"कोन काय इचारतो? फतकल मारून बसलीय. पदर बी दिसतोय."

अंगणातल्या दहा जणांनी फिल्म बघितली. सात जणांना पदर दिसला. एकाला नाकातली नथही दिसली.

बबनरावांनी त्याच दिवशी तिघांची समिती नेमली आणि राहूपासून यवतपर्यंतच्या मतदार याद्या मागवल्या. "वैनी, तुम्ही काळजी करू नका," ते धुरपदाला म्हणाले. "ह्यात राजकारण आननार न्हाई."

"ह्यात तुमाला आनलं कुनी?" धुरपदा म्हणाली. पण यादीचं ऐकून तिचे कान टवकारले, हे पूनमनं पाहिलं.

याद्यांत तीन साखरबाया निघाल्या. पहिली चौऱ्याण्णव वर्षांची आणि ठार बहिरी. तिला प्रश्न कळला तेव्हा ती इतकी लाजली की समितीच घाबरून परतली. दुसरीच्या पोरांनी समितीवर कुत्रं सोडलं. तिसरी कासुर्डीची. सत्तरीची विधवा, चांगली धडधाकट. समिती तिच्याकडं जायच्या आधीच ती सिक्ससीटरमधून उतरली, हातात पिशवी, पिशवीत बदलायचं लुगडं.

"मीच ती," तिनं अंगणात उभं राहून सांगितलं.

"ह्यांची तुमची वळख कुठली?" धुरपदानं दारातूनच विचारलं.

"येवतच्या बाजारात एकदा गात व्हते. लई मान्सं बसली व्हती. त्यातनं माझ्याकडंच बघितलं."

"कवा?"

"बहात्तरच्या दुष्काळाच्या म्होरल्या साली."

"आन् तवापासनं?"

"तवापासनं न्हाई बघितलं. म्हनून तर आले."

आता ह्या बाईला काय म्हणावं? कासुर्डीत तिला कुणी विचारत नव्हतं. सून ताट सरकवायची, नातवंडं मोबाइलात. इथं एक माणूस सगळं जग विसरून दिवसातून दोनशे वेळा तिचं नाव घेत होता. कुणीही आलं असतं. ती खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. म्हाळूनं तिच्याकडं पाहून "साखरबाई" म्हटलं की ती "ओ" द्यायची. म्हाळू चक्रावून मान हलवायचा आणि पुन्हा म्हणायचा, ती पुन्हा "ओ". अंगणात गर्दी व्हायला लागली. धुरपदानं पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून तिला चहा दिला, दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी पूनम म्हणाली, "आत्या, ही बाई हलनार न्हाई."

"मग मी हलते," धुरपदा म्हणाली.

पण ती माहेरी गेली नाही. दौंडला म्हाळूची वाचा परत आणायला ज्या साधनाबाई होत्या त्यांच्याकडं आदल्या आठवड्यात काय झालं, ते तिच्या डोक्यात घोळत होतं. साधनाबाई चित्रं दाखवायच्या. गाय, साखरबाई. घर, साखरबाई. मग त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरून विचारलं होतं, "हे आधी कधी गायचे का?"

"सात वरसं न्हाई गायले."

"बोलणं बहुतेकांचं डाव्या बाजूला असतं. गाण्यात उजवी बाजूही बरीच काम करते, आणि ती ह्यांची धडधाकट आहे. सगळ्यांना जमतं असं नाही. पण बोलता न येणारी माणसं गाताना शब्द म्हणून जातात, मी पाहिलंय. ह्यांच्याबरोबर गाणारं कुणी असेल तर बघा."

धुरपदाला त्यातलं एवढंच कळलं, की धन्याच्या डोक्यात दोन बिऱ्हाडं होती. डावीकडच्या बिऱ्हाडात ती सेहेचाळीस वर्षं राबली, ते पडलं. उजवीकडचं शाबूत होतं. आणि त्या उजव्या बिऱ्हाडात कोण राहत होतं, हे माहीत असणारा माणूस जगात एकच होता. चाळीस वर्षं वाटेवर, जत्रेत, ढाब्यावर, देवळाच्या ओट्यावर धन्याच्या बरोबर असलेला.

ती संपतच्या मागं पारूवर बसली आणि नदी ओलांडून आण्णाच्या दारात उतरली. आण्णा कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. तिला बघून उठला, पण 'या' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"भावजी," धुरपदा उभ्याउभ्याच म्हणाली, "चा नको, पानी नको. बिरोबाला स्मरून सांगा. साखरबाई कोन?"

आण्णाच्या हातातलं खुरपं गळालं.

"तिचं नाव तुमाला कुनी सांगितलं?"

"म्हंजी हाय?"

"व्हती." आण्णानं मान खाली घातली. "मारली मी तिला, वैनी."

संपतनं पारूचा स्टँड लावता लावता सोडून दिला, पारू आडवी झाली. धुरपदा वाफ्याच्या बांधावर बसली.

"कवा?"

"सात वरसं झाली. हिरीत ढकलली."

"आन् ह्यांना ठावं हाय?"

"त्यांच्या म्होरंच ढकलली. हजार-बाराशे मान्सं व्हती."

"आन् पोलिस?"

"पोलिस बी व्हते, बंदोबस्ताला. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मग धुरपदाच्या ध्यानात काहीतरी आलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "घागर व्हती का वो तिच्या डोक्यावर?"

"व्हती," आण्णा म्हणाला, आणि पुढ्यात बसून लहान पोरासारखा रडला.

गोष्ट अशी होती. रात्रभराची ओवी कागदाशिवाय गायची तर कधी तरी धागा तुटतोच. म्हाळूला पुढचं आठवेनासं झालं की तो कानावरचा हात न काढता, ढोलाच्या आवाजाखाली आण्णाला पुटपुटायचा, "साखरबाई." म्हणजे, अडकलोय, सांभाळ. मग आण्णा उठायचा आणि साध्या बोलीत एका बाईला पाण्याला पाठवायचा. तिची घागर, तिची चाल, वाटेतलं बाभळीचं झाड, सगळं सावकाश. तेवढ्यात म्हाळूला डोक्याच्या कोपऱ्यात धागा सापडायचा, तो हात वर करायचा आणि देवाचं लग्न पुढं सरकायचं. हे नाव ह्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गाणाऱ्याची इज्जत असते ती.

"म्हातारपन आलं तसा तुमचा धनी लई अडकाय लागला," आण्णा नाक पुसत म्हणाला. "त्या जत्रंत येका बैठकीत पाच डाव पान्याला पाठवली तिला. पाचव्या डावाला मान्सं हसाय लागली, म्हनाली, आवं, घरात तिच्या हौद हाय का काय? माझं टाळकं फिरलं. म्हनलं, गेली ती आन् पाय घसरून पडली हिरीत. बुडाली. मान्सांनी टाळ्या पिटल्या. आन् धनी पुन्यांदा अडकला, वैनी. त्यानं माझ्याकडं बघितलं. साखरबाई म्हनला. मी म्हनलं, मेली ती. तसाच देवाच्या म्होरं मुका उभा ऱ्हायला."

धुरपदाला दवाखान्यातली ती घटका दिसत होती. डॉक्टरचं बोट. भरून आलेले डोळे. ह्या कोण म्हणून विचारलं तेव्हा त्यानं कुण्या बाईचं नाव घेतलंच नव्हतं. त्यानं सांगितलं होतं, अडकलोय, जरा सांभाळ, शोधतोय. आणि तिनं काय केलं? तोंड फिरवलं. महिनाभर बिनसाखरेचा चहा पाजला.

"उठा," ती म्हणाली. "उद्या सकाळी या. आन् तिला घेऊन या."

"बुडाल्याली बाई कुठनं आनू?"

"बुडवली कुनी? त्यानंच काढायची."

सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बबनरावांनी भोंग्यावरून जाहीर केलं नव्हतं, एवढंच. कासुर्डीची साखरबाई खुर्ची सोडायला तयार नव्हती, तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पूनम मोबाइल धरून उभी होती, साधनाबाईंना दाखवायला. आण्णा आला तो खाटेपासून चार हातांवर थबकला. म्हाळूनं त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. डोकं निम्मं गेलं तरी राग पुरा शाबूत होता.

आण्णा खाली बसला. धुरपदा खाटेच्या पायथ्याशी बसली. आण्णानं भिंतीशीच बोलल्यागत सुरू केलं.

"तर हिरीच्या तळाला येक बाई बसली व्हती."

म्हाळूची मान हलली नाही.

"सात वरसं बसली व्हती. घागर मांडीवर घेऊन. वरनं कुनी हाक मारंल म्हनून वाट बघत व्हती."

"सात वरसं पान्यात?" बबनराव म्हणाले. "फुगली नसंल का?"

"पट्टीची पवनारी व्हती ती!" आण्णा खेकसला. "तुमी तुमची निवडनूक बघा! तर वरनं कुनी हाक मारली न्हाई, कारन जो मारनार त्याचीच हाक अडकली व्हती. आन् ज्यानं ढकलली ते मूर्ख बेनं कांदं खुरपत बसलं व्हतं. त्यानं दोर सोडला. म्हनला, चुकलं बाय माझं, ये वर."

म्हाळूनं मान वळवली. "साखरबाई?" तो म्हणाला.

"ओ," कासुर्डीची म्हणाली.

"आवं गप!" साऱ्या अंगणानं तिला दटावलं.

"आली, धनी," आण्णा म्हणाला. "वर आली. पदर पिळला. घागर भरून डोक्यावर घेतली आन् निघाली. म्होरं तुमी घ्या."

म्हाळूचा उजवा हात उचलेना. डावा वर गेला आणि कानाशी थांबला. आधी नुसता सूर निघाला, गंजलेल्या रहाटासारखा. मग त्या सुरावर, हळूहळू, एकामागं एक शब्द बसत गेले. वाट. ऊस. वाऱ्यानं हललेला ऊस. नदीची गार वाट. संपत जनरल शिफ्टला निघाला होता, तो हेल्मेट घालूनच रडला आणि आतून काच धुरकटली.

बाई बांधावर आली तसा म्हाळू अडकला. "साखरबाई," तो म्हणाला आणि घाबरून इकडंतिकडं बघायला लागला. आण्णा तोंड उघडणार, तेवढ्यात धुरपदानं त्याला हातानं थांबवलं.

"सापडंल. घाई न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "कुठवर आली साखरबाई? बाभळीपाशी आली का?"

म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं. श्वास घेतला. बाई बाभळीपाशी आली. तिथं पुन्हा अडकला, पुन्हा धुरपदानं विचारलं, "मंग?" मग ती मारुतीच्या पारापाशी आली, तिथून गोठ्यापाशी, तिथून शेळीपाशी. शेळीनं मान वर करून बघितलं. बाई दारात आली, तिनं घागर उतरवली. सूर थांबला.

दारात बाई उभी, आत घरधनीण. हाक मारायला पाहिजे. म्हाळूचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. अगदी दवाखान्यात हलले होते तसे. बबनरावांना राहवेना. "धु..." ते मास्तरासारखे सांगू लागले. "म्हना, म्हाळूदाजी, धु... धु..."

म्हाळूनं डोळे मिटले. कपाळावर शीर तट्ट फुगली. कुठून तरी, लांबून, तळातून ते वर येत होतं.

"अगं ए," म्हाळू म्हणाला. "च्या."

"हॅत् तिच्या!" बबनरावांनी मांडीवर थाप मारली. "नावाला काय झालं? हे काय धरता येत न्हाई."

पण धुरपदा कधीच उठली होती. "व्हय, आले," ती म्हणाली, आणि आत जाता जाता दाराच्या चौकटीवर आपटली, कारण तिला समोरचं काही दिसत नव्हतं. तिच्या नावाच्या गावात आणखी तीन जणी होत्या. 'अगं ए' सबंध दौंड तालुक्यात ती एकटीच होती.

चहात तिनं तीन चमचे साखर घातली. पहिला कप म्हाळूला, दुसरा आण्णाला, तिसरा कासुर्डीच्या साखरबाईला. "मग माझं काय?" ती हिरमुसून म्हणाली. "तुमचं काय? आयतवारी या," धुरपदा म्हणाली. "ओवी हाय. बाईमानूस ऐकाय लागतं." कासुर्डीच्या साखरबाईनं पिशवीतलं दुसरं लुगडं पूनमकडं ठेवायला दिलं, म्हणजे दर खेपेला आणायला नको.

पुढच्या महिन्यात तपासणीला पुण्याला गेले तेव्हा म्हाळूकडं अकरा शब्द होते, गाताना तर कितीतरी. खिडकीवरच्या मुलीनं कागद पाहून विचारलं, "पत्नीचं नाव साखरबाई. बरोबर ना?"

संपत घाईनं पुढं झाला. "न्हाई, मॅडम, ती चूक झालीय, ते दुरुस्त..."

धुरपदानं त्याला कोपरानं ढोसलं.

"ऱ्हाऊ द्या तिला तिथंच," ती खिडकीत तोंड घालून म्हणाली. "हे पुन्यांदा अडकले तर पान्याला कोन जानार?"